नावपट्टी कोरी का पडते? बागेतील रोपांच्या पट्ट्यांची वारंवार उद्भवणारी समस्या आणि तिचे निवारण

मिरचीचे सहा वाण मी एकाच दिवशी पेरले होते, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी पांढरी प्लॅस्टिकची पट्टी खोचली होती आणि तिच्यावर ‘पर्मनंट’ म्हणवणाऱ्या मार्करने ठसठशीत अक्षरांत वाणाचे नाव लिहिले होते. झाडांना फळे धरली तेव्हा सहाही पट्ट्या जागच्या जागी होत्या, मात्र त्यांच्यावर काहीही लिहिलेले उरले नव्हते. पुढच्या वर्षी मी दुसरा मार्कर आणला, त्यापुढच्या वर्षी जाड टोकाचा आणला, आणि दोन्ही वेळा तोच प्रकार घडला. तिसऱ्या वेळी मी नवा मार्कर आणण्याऐवजी बाद झालेल्या पट्ट्या घेऊन बसलो, आणि हे काम मी पहिल्याच वर्षी करायला हवे होते हे तेव्हा लक्षात आले.

ही समस्या सुटली असे वाटत असतानाच ती पुन्हा उभी राहते, कारण ‘नाव वाचता येत नाही’ हे एकच लक्षण निदान चार वेगवेगळ्या बिघाडांतून निर्माण होऊ शकते. शाई उडते, पट्टी मोडते किंवा कुजते, पट्टी रोपापासून दूर जाते, किंवा पट्टीवर लिहिलेले नावच मुळात अपुरे असते. मार्कर बदलल्याने यांपैकी फक्त पहिला बिघाड दूर होण्याची शक्यता असते, आणि तोही मार्करच्या शाईचा प्रकार बदलला तरच. निराळ्या नावाचा पण त्याच जातीच्या शाईचा मार्कर घेतला, तर फक्त पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहणे तेवढे हाती राहते.

बाद झालेली पट्टी आधी नीट पाहावी

जुनी पट्टी फेकून देण्यापूर्वी ती साध्या साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळवावी आणि उजेडात तिरपी धरून पाहावी. काळी म्हणून लिहिलेली अक्षरे जांभळट, तपकिरी किंवा हिरवट झालेली असतील, तर ती उन्हाने उडाली आहेत असे समजावे. बहुतेक मार्करची काळी शाई ही अनेक रंगांचे मिश्रण असते आणि त्यांतले काही रंग आधी व काही नंतर नष्ट होतात, म्हणून काळ्याचा हा प्रवास दिसतो. पट्टीचा जो भाग मातीत होता त्यावर चुकून एखादे अक्षर गेले असेल आणि ते अजून काळेभोर असेल, तर निदान पक्के झाले. तीच शाई, तेच पाणी आणि तीच माती असूनही अंधारात ती टिकली, म्हणजे दोष उन्हाचा आहे.

अक्षरांचा रंग न बदलता त्यांचे तुकडे पडले असतील, म्हणजे ‘क’चा अर्धा भाग स्वच्छ काळा आणि उरलेला अर्धा पार नाहीसा असे दिसत असेल, तर शाई फिकी झालेली नसून ती पृष्ठभागाला धरून राहिलेली नाही. अक्षरे पसरून डाग झाला असेल, तर एक तर शाई वाळण्यापूर्वीच पाणी लागले आहे किंवा एखाद्या द्रावकाचा संबंध आला आहे. हा शेवटचा प्रकार बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पिठ्या ढेकूण काढण्यासाठी आपण स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस खोडावरून फिरवतो किंवा स्पिरिटमिश्रित पाणी फवारतो. मार्करची शाई ज्या द्रावकात विरघळवलेली असते तो बहुधा अल्कोहोलच असतो, त्यामुळे कीड जाते आणि तिच्याबरोबर शेजारच्या पट्टीवरचे नावही जाते.

याशिवाय एक खोटा बिघाडही आहे. पाण्यात क्षार जास्त असतील तर पट्टीवर पांढरट थर चढतो, सावलीत आणि ओलाव्यात शेवाळाचा हिरवा थर चढतो, आणि खालची अक्षरे शाबूत असूनही वाचता येत नाहीत. प्लॅस्टिकच्या पट्टीवरचा क्षार पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतो. धातूच्या पट्टीवर मात्र व्हिनेगर रेंगाळू देऊ नये, कारण जस्तावर आणि अॅल्युमिनियमवर आम्लाचा परिणाम होतो. नाव शाबूत असलेल्या दोन पट्ट्या मी चुकीने अशाच ‘कोऱ्या’ समजून पुन्हा लिहिल्या होत्या.

शाई उडण्याचे कारण

मार्करवरील ‘पर्मनंट’ हा शब्द पाण्याविषयी असतो, उन्हाविषयी नव्हे. कागद भिजला तरी अक्षर पसरणार नाही एवढेच वचन त्यात आहे. अशा मार्करमध्ये सामान्यतः विरघळणारा रंग वापरलेला असतो, आणि अशा रंगाच्या रेणूंचा जो भाग प्रकाश शोषून आपल्याला रंग दाखवतो, तोच भाग उन्हातील अतिनील किरणांच्या ऊर्जेने आणि हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तुटतो. रेणू तुटला की तो पट्टीवर असूनही रंगहीन होतो. म्हणूनच अक्षरे जाड काढल्याने किंवा दोनदा गिरवल्याने फारसे काही साधत नाही, थोडे अधिक दिवस मिळतात इतकेच. अक्षरांवर पारदर्शक चिकटपट्टी लावण्याचा उपायही याच कारणाने फसतो, कारण जी चिकटपट्टी आपल्या डोळ्यांना प्रकाश पोचू देते ती त्या किरणांचाही मोठा भाग आत सोडते, आणि काही महिन्यांत स्वतःच पिवळी पडून कडांनी सुटते. पारदर्शक नेलपॉलिशचा थर तर त्याहून वाईट ठरू शकतो, कारण त्यातील द्रावक शाई विरघळवतो आणि ब्रशच्या पहिल्याच फटकाऱ्यात नाव पुसट होते.

याउलट काही लेखणसाहित्यात रंग विरघळलेला नसतो, तर अत्यंत बारीक घन कणांच्या रूपात मिसळलेला असतो. त्यांतला सर्वांत भरवशाचा कण म्हणजे कार्बन. कार्बनचा काळेपणा उन्हाने उडत नाही. जुन्या पोथ्यांवरील काजळीची शाई शेकडो वर्षांनंतरही काळी दिसते ती याच गुणामुळे, आणि आपल्या घरातली साधी पेन्सिल ग्रॅफाइटची म्हणजे कार्बनचीच असते. बागेतील पट्टीसाठी सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपे आणि सर्वांत टिकाऊ लेखणसाहित्य कोणते, असे मला विचारले तर मी पेन्सिल असेच उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्याला ते बहुधा पटत नाही. एचबी चालते, परंतु टूबी किंवा फोरबी या मऊ पेन्सिलीने अधिक गडद अक्षर उमटते. अट एकच, की पृष्ठभाग चकचकीत नसावा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल घसरते. त्याच प्लॅस्टिकवर बारीक पॉलिशपेपर चार वेळा फिरवला की ग्रॅफाइट त्या ओरखड्यांत बसते आणि पाऊस त्याला हलवू शकत नाही.

पेन्सिलीचे अक्षर लांबून वाचता येत नाही हा आक्षेप खरा आहे. ज्यांना उभ्या उभ्या नाव वाचायचे असेल त्यांनी ऑइल पेंटचा मार्कर वापरावा. त्यात रंगाचे घन कण असतात, म्हणूनच तो वापरण्यापूर्वी हलवावा लागतो आणि हलवताना आत गोळी वाजल्याचा आवाज येतो. काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिणे ही जोडी मला विशेष चांगली वाटते, कारण पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड उन्हाने फिका पडत नाही आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली काजळी प्लॅस्टिकचेही रक्षण करते. लाल, गुलाबी आणि जांभळ्या मार्करने मिरचीला एक रंग, वांग्याला दुसरा असे सांकेतिक लेखन करण्याचा मोह होतो, परंतु उन्हात हे रंग बहुधा सर्वांत आधी जातात.

कोणत्याही लेखणीविषयी दुसऱ्याचे मत घेण्यापेक्षा स्वतः पारख करणे सोपे आहे. घरात जितकी पेने आणि मार्कर असतील त्या सर्वांनी एकाच पांढऱ्या पट्टीवर एकेक आडवी रेघ ओढावी, पट्टीचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने घट्ट झाकावा आणि ती पट्टी दिवसभर ऊन पडेल अशा जागी ठेवावी. चार ते सहा आठवड्यांनी कागद काढला की झाकलेली आणि उघडी बाजू शेजारी शेजारी दिसतात आणि कोणती शाई बागेत न्यायची याचा निकाल वादाशिवाय लागतो. माझ्या पट्टीवर उघड्या बाजूला पेन्सिलीची रेघ आणि ऑइल पेंटची रेघ जशीच्या तशी होती. उरलेल्यांपैकी एकही रेघ मूळच्या काळेपणावर नव्हती.

पट्टीचा पदार्थ

शाई टिकली आणि पट्टीच गेली असेही होते. रोपवाटिकेतून रोपाबरोबर येणाऱ्या पातळ, छापील पट्ट्या थोड्या दिवसांसाठीच केलेल्या असतात. उन्हात प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटत जातात, ते ठिसूळ होते, पृष्ठभागावर खडूसारखी पूड सुटते, आणि पट्टी उपटायला गेलो की वरचा तुकडा हातात येतो. मोडलेली पट्टी बोटांनी घासल्यावर पांढरी पूड लागत असेल, तर लेखणी बदलून काहीही उपयोग होणार नाही, पट्टीच बदलावी लागेल. मऊ, वाकवता येणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्यांची अडचण निराळी आहे. त्या मऊ राहाव्यात म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू वर येते आणि त्यात शाई फुटते.

लाकडी पट्ट्या, विशेषतः आइस्क्रीमच्या काड्या, दिसायला सुरेख असतात आणि पेन्सिलीलाही त्यांचा पृष्ठभाग मानवतो, परंतु त्या नेमक्या मातीच्या पातळीशी कुजतात. खोल मातीत हवा कमी असते आणि वरच्या भागात ओल टिकत नाही. ज्या बोटभर पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही भरपूर असतात तिथे बुरशीचे काम सर्वांत वेगाने चालते. बी रुजून रोपे हलवीपर्यंतच्या काही आठवड्यांसाठी लाकडी काडी पुरेशी आहे, वर्षभरासाठी नाही.

कागदावर छापून लॅमिनेट केलेल्या पट्ट्यांविषयी एकच सांगावेसे वाटते, की बिघाड नेहमी कडेतून शिरतो. लॅमिनेट केल्यावर कागदाच्या कडेला लागून कापले की कागदाची उघडी कड वातीसारखी पाणी ओढते. म्हणून कागद आधी कापावा, मग लॅमिनेट करावा आणि सभोवती पाच मिलिमीटर तरी कोरे प्लॅस्टिक ठेवावे, त्या भागात दोरीसाठी भोकही पाडू नये. छपाई इंकजेटपेक्षा लेझर प्रिंटरची असावी, कारण लेझरची काळी पूड म्हणजे प्लॅस्टिक आणि काजळी यांचे मिश्रण असते. दुकानांतील पावत्यांसारख्या औष्णिक कागदावर छापलेली चिठ्ठी मात्र बागेत अजिबात नेऊ नये.

ज्या पृष्ठभागावर लिहायचे तो तेलकट नसावा, ही गोष्ट छोटी आहे पण वगळता येण्यासारखी नाही. नव्या प्लॅस्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा थर असू शकतो आणि आपल्या बोटांचे तेल तर असतेच. लिहिण्यापूर्वी पट्टी स्पिरिटने पुसावी, कडेने धरावी, आणि लिहिल्यानंतर एक पूर्ण दिवस सावलीत वाळू द्यावी. पेरणीच्या दिवशी चिखलाच्या हातांनी पट्ट्या लिहिणे हे अक्षरे सोलून निघण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. पट्ट्या आदल्या दिवशीच लिहून ठेवाव्यात.

शाईच नको: दाबून लिहिलेली अक्षरे

बहुवर्षायू झाडांसाठी, म्हणजे गुलाब, फळझाडे, वेली यांच्यासाठी, मी आता शाई वापरतच नाही. शीतपेयाच्या डब्याचा अॅल्युमिनियमचा पत्रा साधारण दशांश मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो साध्या कात्रीने कापता येतो. त्याची पट्टी कापून, कडा आत दुमडून, खाली जाड वर्तमानपत्र ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहिले की अक्षर पत्र्यातच खोलगट उमटते. ऊन त्याचे काही बिघडवू शकत नाही, कारण उडायला तिथे काही नाहीच. अॅल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर पत्र्याचेही रक्षण करतो. कापलेल्या पत्र्याची धार मात्र हात कापते, त्यामुळे हातमोजे घालून काम करावे आणि कडा दुमडल्याशिवाय पट्टी बागेत लावू नये.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. शिरोरेघ ही एका दमात ओढलेली लांब रेघ असते आणि ती जोर देऊन ओढली की पातळ पत्रा त्याच रेघेवर वाकतो, कधी चिरतो, आणि काही महिन्यांनी पट्टी वाऱ्याने त्याच ठिकाणी दुमडून तुटते. माझ्या पहिल्या दहा-बारा पट्ट्यांपैकी निम्म्या शिरोरेघेवर मोडल्या. उपाय म्हणजे शिरोरेघ गाळावी किंवा अक्षरागणिक तुटक आणि हलकी काढावी. नाव वाचण्यात काही अडचण येत नाही. जोडाक्षरे मोठी काढावीत आणि अनुस्वार टोचून न देता गोल फिरवून द्यावा, नाहीतर तिथे भोक पडते. जाड पत्र्यावर हातोडीने ठोकून अक्षरे उमटवण्याचे पंच बहुधा रोमन अक्षरांचे आणि आकड्यांचे मिळतात. त्यांतले आकडे तरी आपल्याला उपयोगी पडतात, आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे.

अॅल्युमिनियमला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, ओला चुना, ओले सिमेंट आणि लाकडाची राख यांसारखे अल्कधर्मी पदार्थ, जे ऑक्साइडचा थर खाऊन टाकतात. राख टाकलेल्या वाफ्यात पत्र्याची पट्टी मातीत खोचू नये, टांगावी. दुसरी, तांब्याची तार. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो, आणि या जोडीत झिजण्याची पाळी अॅल्युमिनियमवर येते. पट्टीचे भोक मोठे होत जाऊन एक दिवस ती गळून पडली असेल आणि तार मात्र झाडावरच असेल, तर वारा किंवा कावळा यांना दोष देण्यापूर्वी तार कोणत्या धातूची आहे ते पाहावे. अॅल्युमिनियमच्या पट्टीला अॅल्युमिनियमची तार आणि तांब्याच्या पट्टीला तांब्याची तार, असा नियम पाळावा.

तार झाडाला काचते तेव्हा

नावपट्टीमुळे झाडच दगावण्याचा प्रकार विरळा नाही. खोड जाडीने वाढत असते आणि तार वाढत नाही; दोन-तीन वर्षांत ती सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न सालीतून मुळांकडे जाण्याचा मार्ग आवळला जातो. तारेच्या वरच्या बाजूला खोड फुगलेले दिसले, तर पक्कडीने तार ताबडतोब कापावी. रुतलेला भाग ओढून काढू नये, त्याने साल फाटते. ती तुटलेली राहू दिली तरी झाडाच्या वाढीबरोबर दाब सुटतो.

नवी पट्टी मुख्य खोडाला न बांधता बाजूच्या फांदीला, दोन-तीन बोटे सहज जातील इतक्या सैल फासाने अडकवावी आणि दरवर्षी छाटणीच्या वेळी तो फास एकदा सैल करावा. रोपवाटिकेने कलमावर बांधलेला प्लॅस्टिकचा फास लावणीच्याच दिवशी काढून टाकावा. तो दिसायला निरुपद्रवी असतो, त्यामुळे नेमका तोच विसरला जातो. फांदीवर बांधलेल्या पट्टीचा एक धोका आहे, तो म्हणजे छाटणीत फांदीबरोबर तीही जाते. छाटणी सुरू करण्यापूर्वी पट्टी काढून खिशात ठेवण्याऐवजी ती आधी दुसऱ्या फांदीवर हलवावी, कारण खिशात तीन पट्ट्या जमल्या की पुढचा घोळ ठरलेला असतो.

पट्टी जागेवर नसते

खुरपणी, आच्छादन बदलणे, पक्ष्यांनी चमकणारी वस्तू उचलणे, मुलांनी पट्ट्यांची अदलाबदल करणे, अशी याची कारणे असतात आणि त्यांवर पूर्ण उपाय नाही. म्हणून पट्टी हरवणारच असे गृहीत धरून तिची दुसरी प्रत ठेवावी. कुंडीत रोप लावताना त्याच नावाची दुसरी पट्टी कुंडीच्या आतल्या कडेला उभी, पूर्ण मातीखाली गाडावी. शाईचा शत्रू ऊन आहे आणि मातीखाली ऊन नाही. त्यामुळे साध्या मार्करने लिहिलेली गाडलेली पट्टीही कुंडी बदलण्याच्या वेळी बहुधा स्वच्छ वाचता येते. जमिनीतील झाडासाठी ती खोडापासून ठरावीक अंतरावर आणि नेहमी एकाच दिशेला गाडावी, म्हणजे शोधताना मुळे उकरावी लागत नाहीत.

खोचायच्या पट्टीवर नाव वरच्या टोकाकडून खाली लिहावे. टोकदार बाजूकडून सुरुवात केली तर नावाची पहिली अक्षरे मातीत जातात आणि वर फक्त शेपूट दिसते. मातीच्या कुंड्यांवर थेट लिहायचे असेल तर पेन्सिलच बरी, कारण न झिलई दिलेल्या मातीतून पाणी पाझरते, क्षार बाहेर येतात आणि रंगाचा थर त्यांच्याबरोबर सोलून निघतो.

रोपे पेरणीच्या ट्रेमधून कुंड्यांत जातात त्या दिवशी सर्वांत जास्त नावे हरवतात. ओळीला एक पट्टी असते आणि ओळीतून बारा कुंड्या होतात. अकरा कुंड्या ‘लक्षात राहील’ या भरवशावर राहतात. मिरची, टोमॅटो, वांगे यांच्या वाणांची रोपे कोवळेपणी नुसत्या पानांवरून ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. जितक्या कुंड्या तितक्या पट्ट्या तयार असल्याशिवाय ट्रेला हात लावू नये.

नाव अपुरे असेल तर

पट्टी टिकली, अक्षरे टिकली, आणि तरीही दोन वर्षांनी तिच्यावरून काही कळेना, असा अनुभव येतो तो नावामुळे. पट्टीवर नुसते ‘चाफा’ लिहिलेले असते. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या गटातला, पांढरा चाफा प्लुमेरियाच्या, हिरवा चाफा आर्टाबॉट्रिसच्या आणि नागचाफा मेसुआच्या. चौघांची फुले वेगळी, वाढ वेगळी आणि छाटणीही वेगळी. म्हणून मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि वाण माहीत असल्यास वाणही नोंदवावा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात धरली जाते, आणि त्या पद्धतीत नावाचे दोन शब्द असतात, पहिला प्रजातीचा आणि दुसरा त्या प्रजातीतील जाती दाखवणारा. माणसाने निवडलेल्या वाणाचे नाव त्यानंतर एकेरी अवतरणचिन्हांत येते. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. अवतरणचिन्हे गाळली तर वाणाचे नाव कुठे सुरू झाले हे पुढे आपल्यालाच कळत नाही.

शास्त्रीय नावेही बदलतात. रोझमेरीची स्वतंत्र प्रजाती होती, आता ती साल्व्हिया प्रजातीत गणली जाते. सॅन्सेव्हिएरिया म्हणून सर्वांना माहीत असलेले झाड आता ड्रॅसिनात आहे. त्यामुळे जुनी पट्टी चुकीची ठरत नाही, आणि ती बदलण्याची घाईही करू नये. बदल वहीत लिहावा.

वहीचा उल्लेख आला कारण माझ्या मते पट्टीवर मोठे नाव कोंबण्याचा आग्रहच बऱ्याच बिघाडांच्या मुळाशी आहे. लहान जागेत लांब नाव लिहायचे म्हणून बारीक टोकाची लेखणी घ्यावी लागते, अक्षरे दाटीने येतात, मात्रा एकमेकींत मिसळतात आणि थोडीशी झीजही घातक ठरते. वनस्पती उद्याने या अडचणीतून फार पूर्वी बाहेर पडली. तिथे प्रत्येक झाडाला नोंदणी क्रमांक असतो. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या आर्नल्ड आर्बोरेटममध्ये या क्रमांकात अनुक्रम आणि वर्ष यांचा समावेश असतो आणि एकाच नोंदीतील निरनिराळ्या झाडांसाठी पुढे अक्षर जोडले जाते. घरच्या बागेत याची साधी आवृत्ती पुरते. २०२५ साली आणलेल्या चौदाव्या रोपाला ‘२५-१४’ हा क्रमांक द्यावा, तो पत्र्यावर मोठा ठोकावा किंवा दाबून लिहावा, आणि वहीत त्या क्रमांकासमोर नाव, वाण, कोठून आणले, बी की कलम, आणि लावल्याची तारीख लिहावी. वही कार्बनच्याच शाईने किंवा पेन्सिलीने लिहावी आणि पानांचे छायाचित्र काढून ठेवावे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी सुंदर अक्षरांतली नावाची पाटी हवी असेल तर तीही अवश्य लावावी. ती फिकी पडली तरी आता काही बिघडत नाही.

क्रमांक एकदा दिला की रोप मेल्यावरही तो दुसऱ्या रोपाला देऊ नये. रिकाम्या जागी तीच पट्टी पुन्हा वापरण्याची काटकसर मी एकदा केली आणि वहीतल्या एका मोगऱ्याला लिंबे लागल्याची नोंद झाली.

नाव आधीच गेले असेल तर

बॉलपेनने लिहिलेली पट्टी कोरी दिसत असली तरी टोकाच्या दाबाची खूण राहिलेली असते. अंधाऱ्या खोलीत पट्टीच्या बाजूने, जवळजवळ समांतर, टॉर्चचा प्रकाश टाकला की ती सावलीच्या रूपाने दिसते. धातूच्या पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की खोलगट अक्षरे कागदावर पांढरी उमटतात. मार्करच्या अक्षरांचा अगदी पुसट डाग राहिला असेल तर छायाचित्र काढून त्यातील काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढवून पाहावा. माझ्या सहा मिरच्यांपैकी दोघींची नावे मला अशीच परत मिळाली. उरलेल्या चार पट्ट्यांवर काहीच सापडले नाही, तेव्हा पेरणीच्या नोंदी आणि फळांचा आकार ताडून दोन नावे निश्चित झाली आणि दोन झाडे शेवटपर्यंत ओळखता आली नाहीत.

अशा झाडांच्या पट्टीवर अंदाजाने नाव लिहू नये, कारण टिकाऊ पट्टीवरचा अंदाज पुढच्या वर्षी खात्रीसारखा वाचला जातो. क्रमांक द्यावा, आणि वहीत नावाच्या जागी ‘अनोळखी’ असे लिहून फुलाचा रंग, फळाचा आकार आणि झाड ज्या जागी उभे आहे ती जागा नोंदवावी, शेजारी नावासाठी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात.